छताला घातलेली टोपी

१

सदानंद तांडेलांनी कपाट उघडलं, कपाटातून हिरवा मखमली डबा काढला, डब्याचं झाकण उघडलं, आणि आत वासाशिवाय काहीही नव्हतं.

वास मात्र असा होता, की अस्मिता वाकणकर क्षणभर विसरलीच आपण कुठे उभ्या आहोत ते. मध, जुनं चामडं आणि कुठल्यातरी थंड गाभाऱ्यातली हवा, असं काहीतरी एकत्र कालवलेलं. मग खाली गल्लीत कोणीतरी हॉर्न दाबला आणि तिला आठवलं, की आपण दुबईत, करामा वस्तीतल्या एका फ्लॅटमध्ये आहोत, हातात ऑफिसचं सील आहे, आणि ज्याला सील लावायचं तीच वस्तू जागेवर नाही.

"इथे ऊद होता," ती म्हणाली. काहीतरी बोलणं भाग होतं.

"होता," तांडेल म्हणाले, आणि जाऊन प्लास्टिकच्या स्टुलावर बसले.

अस्मिताचं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये. एखादा माणूस कोर्टात जाऊन म्हणाला, की माझ्याच्यानं देणी फिटत नाहीत, तर कोर्ट आधी सगळ्या सावकारांना थांबवतं आणि मग अस्मिताच्या ऑफिसला सांगतं, की जा, त्याच्याकडे काय काय आहे ते बघून या. गेल्या आठवड्यात ती असंच बघायला आली होती. बरोबर एमान होती, तिची सहकारी, इथलीच, उदाच्या धुरात लहानाची मोठी झालेली. एमाननं ते काळं, वेडंवाकडं अगरूचं लाकूड नाकाशी नेलं, डोळे मिटले, आणि म्हणाली, साठ हजार दिरहॅमला कुठेही जाईल. तांडेलांच्या बायकोनं, सुचित्रानं, तिथल्या तिथे हिशेब केला. "म्हणजे चौदा लाख?" असं म्हणून ती खाली बसली. लग्नाच्या अल्बमशेजारी चौदा लाखांचं सरपण पडलंय हे तिला ठाऊकच नव्हतं.

हे सरपण तांडेलांकडे आलं कसं, तर पंपाच्या बदल्यात. आणि पंप आले कुठून, तर पावसातून. त्या एप्रिलात दुबईत असा पाऊस कोसळला, की रस्त्यारस्त्यावर गाड्या तरंगल्या. बाकीचे दुबईकर व्हिडिओ काढत होते. तांडेलांचं घराणं वेंगुर्ल्याकडचं, होड्या हाकणारं. त्यांना पाण्यात धंदा दिसला. सगळीकडून कर्ज काढून त्यांनी कंटेनरभर रबरी होड्या आणि पाणी उपसायचे पंप मागवले. कंटेनर बंदराला लागला आणि आभाळानं पाठ फिरवली ती फिरवलीच. वाळवंटात होड्या विकणारा माणूस म्हणून तांडेलांचं नाव मात्र झालं. अल ऐनकडच्या एका शेतमालकानं काही पंप घेतले आणि म्हणाला, हबीबी, कॅश नाही, हे घे. तो हा ऊद. बाकी उरलं होतं ते बाल्कनीत, फुगवून ठेवलेली एक होडी. तिच्यात कुरडया वाळत होत्या.

"तांडेलसाहेब," अस्मिता म्हणाली, "उद्या सकाळी माझा रिपोर्ट कोर्टात जाणार. वस्तू लपवली असं त्यात आलं, तर कोर्टाचं संरक्षण खलास. मग बँका परत दारात, आणि कोर्टापासून मालमत्ता लपवली म्हणून तुम्ही तुरुंगात. कुठे ठेवला असेल तर आत्ता सांगा."

तांडेल जमिनीकडे बघत होते.

"लिहा मॅडम. मीच लपवला म्हणून लिहा."

"कुठे लपवलात?"

तांडेलांनी कपाटाकडे बघितलं, मग बाल्कनीकडे, मग पुन्हा जमिनीकडे. अस्मितानं पेन खाली ठेवलं. लपवणाऱ्या माणसाला निदान जागा तरी माहीत असते.

२

अस्मिताला एक खोड होती. दिवाळखोरीचा इतिहास. लोक सुट्टीत समुद्रावर जातात, ही जुने कायदे वाचायची. पार्टीत तिच्या शेजारची खुर्ची लवकर रिकामी व्हायची. रोमन लोकांच्या जुन्या कायद्यात सावकारांनी कर्जदाराचे तुकडे करून वाटून घ्यावेत असं होतं, आणि तुकडा कमीजास्त कापला गेला तर तक्रार चालणार नाही, अशी सोयही होती, हे ती केक खाता खाता सांगायची. आपल्याकडे सावकार दारात धरणं धरून बसायचा. तो उपाशी, म्हणून घरातल्यांनीही जेवायचं नाही. आणि इटलीतल्या पादुआ शहरात एक दगड होता. देणी न फेडणाऱ्यानं भर बाजारात अंतर्वस्त्रांवर येऊन त्या दगडावर तीनदा बूड आपटायचं, माझं सगळं तुम्हाला दिलं म्हणायचं, आणि गाव सोडायचं.

गेल्या खेपेला हे तिनं तांडेलांना सांगितलं होतं, जरा हसावेत म्हणून. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "दुबईत कुठे ठेवलाय तो दगड?"

आज तिच्या लक्षात आलं, की या घरात चांगला तिघांचा सोफा आहे आणि तांडेल त्यावर कधीच बसत नाहीत. दोन्ही खेपांना ते आपले अंघोळीच्या स्टुलावर.

तिनं एकेकाशी बोलायला घेतलं.

सुचित्रा भरभर बोलत होती, आणि विचारलं नव्हतं तेच सांगत होती. शाळेची बस, दुधाचा भाव, सगळं आलं. उदाचा विषय निघाला की ती कुकरकडे जायची. डबा कोणी उघडला होता? कोणी नाही. सोमवारी तिचा भाऊ प्रल्हाद आला होता, त्यानं फक्त बघितला. बघू नको का? एवढी वस्तू घरात, आणि तोही घरचाच. होड्यांच्या वेळी त्यानंही पैसे दिले होते. बिचारा कधी मागत नाही.

ठकुआत्या, म्हणजे तांडेलांची आत्या, व्हिजिट व्हिसावर आलेली. माळ ओढत बसली होती. प्रश्न विचारला की तिला ऐकू येईनासं व्हायचं, आणि चहा घेणार का म्हटलं की यायचं.

"आत्या, डब्यातलं लाकूड बघितलंत का?"

"माझे डोळे गेले गो बाय," ठकुआत्या म्हणाली, आणि सुईत दोरा ओवला.

तेवढ्यात शेजारची नूरजहाँ आली. हैदराबादची, हातात झाकलेली वाटी, तोंडावर तक्रार. अस्मिताच्या गळ्यातलं ऑफिसचं कार्ड बघून तिला वाटलं, बिल्डिंगच्या मेंटेनन्सची बाई आली.

"अच्छा हुआ आप आ गए मॅडम. इनके घर का वायर चेक करवाओ. मंगल की शाम ऐसी बास आई ना, समझो किसी ने पुरानी चप्पल जला दी. मैं तो वॉचमन को ऊपर भेजने वाली थी."

सुचित्रानं वाटी घेतली, शुक्रिया म्हटलं, आणि नूरजहाँला इतक्या प्रेमानं दाराबाहेर काढलं की तिला कळलंच नाही.

अस्मिता विचार करत खिडकीशी गेली. खाली पार्किंगमध्ये एक नवीकोरी पांढरी गाडी येऊन लागली. चारही काचा खाली. त्यातून उतरलेल्या माणसानं गाडी लॉक केली, काचा तशाच उघड्या, आणि तो हातात चहाचा ट्रे घेऊन बिल्डिंगमध्ये शिरला. ऑगस्ट महिना होता. दुबईत ऑगस्टमध्ये माणसं गाडीची काच पार्किंगचं तिकीट घेण्यापुरती उघडतात, तीही तोंड वाकडं करून.

दोन मिनिटांत तोच माणूस घरात आला, घामानं निथळत. हा प्रल्हाद. अस्मिताच्याच टॉवरच्या पलीकडच्या टॉवरमध्ये बसतो, श्रीमंतांनी पैसे कुठे गुंतवावेत ते सांगतो. गाडीचा एसी बिघडलाय म्हणाला. सगळ्यांना करक, म्हणजे इथला दाट कडक चहा दिला, अस्मिताला आधी. काय झालं ते ऐकून त्याला धक्का बसला, बराच वेळ बसून राहिला. मग त्यानं मान वर केली, आणि ती वरच राहिली.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ही टोपी अजून इथेच?"

सगळ्यांनी वर बघितलं. हॉलच्या छतावर स्मोक डिटेक्टर होता, आणि डिटेक्टरला कुठल्यातरी हॉटेलातून आणलेली, बाथरूममधली प्लास्टिकची टोपी घातलेली होती.

कुकरची शिट्टी झाली. ठकुआत्याच्या हातातली माळ थांबली.

३

इथल्या फ्लॅटमध्ये ही टोपी कशाला लागते हे अस्मिताला कोणी सांगायला नको होतं. तिच्याही घरी एक होती. घरात धूर करायचा असला, की आधी डिटेक्टरला टोपी घालायची. नाहीतर खमंग फोडणीला अख्खी बिल्डिंग जिना उतरून खाली उभी.

"कसला धूर केला होता?" तिनं विचारलं.

सुचित्रा रडायलाच लागली. ठकुआत्याला मात्र एकाएकी छान ऐकू यायला लागलं.

मंगळवारी होम केला होता. कर्ज फिटावं म्हणून. बार्बेक्यूच्या अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये. समिधा इथे कुठे मिळणार? तर कपाटातलं ते लाकूड घातलं. सदानंद कामाच्या शोधात बाहेर गेला होता, त्याला माहीत नव्हतं. सुचित्रा नैवेद्याच्या मागे स्वयंपाकघरात, ट्रेमध्ये काय जळतंय ते तिनं बघितलं नाही.

"अहो आत्या, ते चौदा लाखांचं..."

"ऊदच ना? मग ऊद जाळायचा नाही तर काय बघत बसायचा? देवाला द्यायचं ते चांगलंच द्यावं." आत्याचा आवाज जरा चिरकला. "मला तेव्हा किंमत नव्हती गो सांगितली कोणी. दुसऱ्या दिवशी सुचित्रा डबा बघून किंचाळली तेव्हा कळलं. मग दोघींनी ठरवलं, गप बसायचं. माझ्यापायी माझ्या पोराला कैद नको."

कर्ज फिटावं म्हणून केलेल्या होमात, ज्यातून कर्ज थोडं तरी फिटलं असतं अशी घरातली एकुलती एक वस्तू जळून गेली होती. अस्मितानं इतके जुने कायदे वाचले होते, पण मालमत्ता देवानं खाल्ली तर काय करायचं ते कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.

प्रल्हाद पुढे झाला. त्यानं आत्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या मॅडम. चूक झाली, पण लपवाछपवी तर नाही ना? जळून गेला असंच लिहा. मी स्वतः साक्षीदार आहे. संध्याकाळी आरतीला आलो होतो. काय सुगंध सुटला होता सांगू, लिफ्टपर्यंत! कपड्यांचा अजून जात नाही."

त्याचं म्हणणं रास्त होतं. जळलं म्हणजे लपवलं नाही. तांडेल वाचणार होते, सुचित्रानं डोळे पुसले होते, आणि अस्मिताला तीन वाजेपर्यंत ऑफिसला परतता आलं असतं. तिनं पेन उचललंही.

मग तिला नूरजहाँची चप्पल आठवली.

तिनं खुर्ची ओढली, वर चढली, आणि छताच्या डोक्यावरची टोपी काढली.

४

टोपी बाहेरून चिकट, काळपट झाली होती. अस्मितानं वास घेतला आणि तिला शिंक आली. मग तिनं एका हातात टोपी, दुसऱ्या हातात मखमली डबा घेतला, आणि ठकुआत्यासमोर धरला.

"आत्या, होमाचा वास यातला कुठला?"

आत्यानं डबा हुंगला. तिचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला. मग टोपी हुंगली आणि नाकाला पदर लावला. "ह्यो. ही मेली टोपीच. डब्यातला हा वास नव्हताच गो त्या दिवशी. सगळी खोकून खोकून बेजार. मी म्हटलं, श्रीमंतांचा वास असाच असेल."

"म्हणजे होमात जळलं ते या डब्यातलं लाकूड नव्हे," अस्मिता म्हणाली. "इथून दोन गल्ल्यांवर टुरिस्टांना विकतात तसलं काहीतरी. कसल्यातरी लाकडाला रंग आणि सेंट मारलेलं. खरा ऊद त्याआधीच कोणीतरी बदलला. एमाननं तपासला त्याच्यानंतर आणि मंगळवारच्या आधी."

सुचित्रानं चेहरा वर केला. "मी नाही हो बदलला, अस्मिताताई."

"माहिती आहे. ज्यानं बदलला त्याला काय हवं असणार? खरा ऊद होमात गेला असं जगानं मानावं, हे. तो जळल्याची बातमी त्याच्या फायद्याची. तुम्ही दोघींनी तर ती जिवावर उदार होऊन लपवली. तांडेलसाहेब लपवला म्हणाले, जळला म्हणाले नाहीत. म्हणजे तुम्ही तिघं नाही." ती थांबली. "टोपीकडे बोट कोणी दाखवलं? आणि खोकून बेजार झालेल्या घरात सुगंध कोणाला आला?"

प्रल्हाद हसायचा प्रयत्न करत होता. कपाळावर पुन्हा घाम आला होता, आणि घरातला एसी तर चालू होता.

"आत्या, होमात ते लाकूड घालायची कल्पना कोणाची?"

"प्रल्हादाचीच की. सोमवारी तो म्हणाला, समिधा नाहीत तर ते घाला, देवाला आवडतं."

"प्रल्हादजी, नव्या गाडीचा एसी बिघडत नाही असं नाही. पण काचा उघड्या टाकून, लॉक करून कोणी वर येत नाही. उन्हात तापलेल्या बंद गाडीत उत्तम ऊद ठेवला, तर गाडीला काय वास येतो? घरी ठेवला असता तर बायकोनं विचारलं असतं. ऑफिसात ठेवला असता तर अख्ख्या मजल्यानं."

प्रल्हाद सोफ्यावरून उठला. कुठे जायचं हे न सुचल्यासारखा तो तसाच उभा राहिला. सुचित्रा त्याच्याकडे बघत होती, आणि ते बघणं त्याला उन्हापेक्षा जास्त लागत होतं.

"माझं काय चुकलं?" तो अखेर म्हणाला. "बँका रांगेत, गोदामाचे भाडेवाले रांगेत, आणि शेवटी मी. दमडी तरी हाताला लागणार होती का माझ्या? माझ्याकडे भावोजींचा सही केलेला चेक होता. पूर्वी नुसता बँकेत टाकला असता, तर वटला नाही म्हणून पोलीस त्यांच्या दारात गेले असते. मी टाकला नाही. ताईचा नवरा म्हणून. आता नवा कायदा आला आणि चेकचा कागद झाला. ते पैसे मी माझ्या कार्डावर काढले होते, माहितीये कोणाला? मला रोज फोन येतात. माझ्यासाठी कोण होम करणार?"

हे मात्र अस्मिताला माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं, हावरटपणा असेल. समोर उभा होता तो आणखी एक बुडालेला माणूस, फक्त याचा शर्ट इस्त्रीचा होता.

५

"दिवाळखोरीचा कायदा आला कशातून, माहितीये?" ती म्हणाली. आज तिच्या शेजारची खुर्ची कोणी सोडली नाही. "कर्जदाराची दया म्हणून नव्हे. दया फार नंतर आली. आधी सावकारच एकमेकांचे केस उपटत होते. जो आधी पोचेल तो घर उचलून नेणार, बाकीच्यांनी बोंबलत बसायचं. म्हणून ठरलं, की कोणी पळत यायचं नाही, सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, ज्याचं जेवढं त्याला त्या मानानं. तुम्ही रांग मोडलीत, प्रल्हादजी. बाकी काही नाही."

मग तिनं तांडेलांकडे वळून विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"मंगळवारीच. घरात पाऊल टाकल्यावर," तांडेल म्हणाले. त्या दुपारी पहिल्यांदाच ते नीट वाक्यात बोलत होते. "डबा रिकामा, ट्रेमध्ये राख, आणि तो वास उदाचा नव्हता. मी महिनोन्‌महिने तो डबा उघडून हुंगायचो मॅडम, पंपांचे पैसे म्हणून. आणि होमाआधी घरात डबा माझ्याशिवाय फक्त प्रल्हादनं हाताळला होता."

"मग बोलला का नाहीत? तुरुंगात जायला निघाला होतात."

तांडेलांनी खांदे उडवले. "मी त्याचे पैसे बुडवले. आता मीच उठून त्याला चोर म्हणू? कुठल्या तोंडानं?"

बाल्कनीतून कुरडयांचा वास येत होता. अस्मिताला वाटलं, पादुआचा दगड कुठल्याशा वाड्यात प्रदर्शनाला ठेवलाय म्हणतात, ते खोटं. तो माणसं आपापल्या घरी घेऊन गेली आणि त्यावर रोज बसतात.

पण हे ती बोलली नाही. रिपोर्ट उघडून ती साधं तेवढंच बोलली.

"मी खोटं लिहिणार नाही. ऊद प्रल्हादकडे होता, असं लिहिणार. पण त्यांनी तो स्वतः आणून दिला, हेही लिहीन. दिला तर. मी चहा संपवतेय."

प्रल्हाद खाली गेला. तो परत येईल का, हे सुचित्रानं विचारलं नाही, पण ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. चहा संपला. अस्मितानं रिकामा कप उगाच आणखी एकदा तोंडाला लावला. मग लिफ्टचं दार वाजलं, आणि प्रल्हादच्या आधी त्याचा वास आत आला.

जिमच्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं ते काळं लाकूड त्यानं डब्यात ठेवलं. अस्मितानं एमानला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. एमाननं पलीकडून खुणा, रेघा, तुटका कोपरा तपासला, आणि टॉवेलही जपून ठेवा म्हणाली, त्यालाही आता भाव येईल. अस्मितानं डब्याला सील लावलं.

"आणि तुमच्यासाठीही तेच कोर्ट उघडं आहे," ती प्रल्हादला म्हणाली. "फोन उचलायचं बंद करण्याआधी या."

ठकुआत्या इतका वेळ डब्याकडे टक लावून बघत होती. आता तिनं हात जोडले.

"होमात घातला तो परत आला," ती म्हणाली. "आणि तुम्ही शिकलेली माणसं म्हणता, पूजा पावत नाही."

सुचित्राला हसू फुटलं. अस्मितानं समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"तांडेलसाहेब, एक राहिलं," निघता निघता ती म्हणाली. "घरातलं लागतं सवरतं सामान कायदा तुमच्याकडेच ठेवतो. सोफासुद्धा. मी लिहिलंय तसं."

तांडेलांनी सोफ्याकडे बघितलं, जणू तो आत्ताच कोणी आणून ठेवला होता. मग ते उठले आणि एका कडेला जपून बसले. रिकाम्या झालेल्या स्टुलाकडे प्रल्हाद गेला. तो मान खाली घालून त्यावर बसणार, एवढ्यात तांडेलांनी पायानं स्टूल बाथरूमच्या दाराकडे सरकवलं.

"ते अंघोळीचं आहे, प्रल्हाद," ते म्हणाले, आणि जरा सरकले. "इथे बस."